रात्रीच्या दिव्यांचा झगडा : बंदी असूनही मालवणच्या समुद्रात एलईडी मासेमारी का थांबत नाही?

सिंधुदुर्गच्या १२१ किलोमीटर किनाऱ्यावर दर हंगामात एकच तक्रार ऐकू येते. रात्री खोल समुद्रात दिव्यांचा लखलखाट दिसतो आणि सकाळी किनाऱ्यालगतची जाळी रिकामी येतात. प्रखर दिव्यांच्या साहाय्याने मासेमारी करण्यावर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. राज्याने २०२१ मध्ये दंड वाढवला, २०२५ पासून ड्रोनची गस्तही सुरू केली. तरीही वाद मिटलेला नाही. असे का?

एलईडी मासेमारी म्हणजे काय?

नौकेवर जनरेटर बसवून त्यावर अतिप्रखर दिवे लावले जातात. प्रकाशामुळे आधी बारीक जीव आणि लहान मासे पृष्ठभागाजवळ येतात. त्यांच्या मागे बांगडा, तारली, म्हाकूल गोळा होतात. चंद्रप्रकाश नसलेल्या काळोख्या रात्री हा परिणाम अधिक होतो. थवा जमला की त्याभोवती पर्ससीन जाळे टाकतात. या जाळ्याच्या तळाशी कड्या असतात आणि त्यांतून दोर ओवलेला असतो. बटव्याची नाडी ओढावी तसा तो दोर ओढला की जाळ्याचे तोंड खालून बंद होते. एकेका फेरीत टनावारी मासळी मिळू शकते, ती यामुळेच.

पर्ससीन आणि एलईडी हे दोन वेगळे विषय आहेत, हे येथे लक्षात घ्यायला हवे. पर्ससीनला परवाना घेऊन, ठरावीक काळात आणि ठरावीक क्षेत्रात परवानगी आहे. प्रखर दिव्यांच्या मासेमारीला मात्र कुठेच परवानगी नाही. वादात दोन्ही एकत्र येतात, कारण दिव्यांनी जमवलेली मासळी प्रामुख्याने पर्ससीननेच उचलली जाते.

रापणीचे काय बिघडते?

दांडी, देवबाग, तळाशील, आचरा ते वेंगुर्ल्यापर्यंत रापण ही गाबित समाजाची जुनी सामूहिक पद्धत आहे. होडीने जाळे अर्धवर्तुळात सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. त्यात ओढणाऱ्याचा वाटा असतो, तसाच होडीचा आणि जाळ्याचाही असतो. म्हणजे एका रापणीवर एक घर नव्हे, तर एक वाडी चालते. मासळी विकणाऱ्या बायका, बर्फवाला, टेम्पोवाला यांचा दिवसही त्यावरच अवलंबून असतो.

रापण माशाच्या मागे जाऊ शकत नाही. मासा किनाऱ्याकडे येईल तेव्हाच तो मिळतो. हाच थवा वाटेत दिव्याखाली अडवला गेला तर किनाऱ्यावर दोर ओढून हाती काही लागत नाही. छोट्या होड्यांतील गिलनेटधारकांचीही हीच अडचण आहे. डिझेल आणि बर्फाचा खर्च तर मासळी मिळो न मिळो, करावाच लागतो.

कायदा काय सांगतो?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचे मासेमारीचे नियमन राज्याकडे आहे. तेथे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ लागू होतो. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र केंद्राच्या अखत्यारीत येते.

डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध आणले. परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायची आणि मासेमारी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळातच करायची, असे ठरले. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने आपल्या क्षेत्रात एलईडी दिवे आणि बुल ट्रॉलिंगवर बंदी घातली. राज्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने एलईडी मासेमारीसाठी ५ लाखांपासून २० लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. पूर्वी तहसीलदारांकडे चालणारी प्रकरणे मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आली. केंद्राच्या नोव्हेंबर २०२५ च्या नव्या नियमांतही दिव्यांच्या मासेमारीवरील बंदी कायम आहे.

मग अंमलबजावणी कुठे अडते?

पहिली अडचण हद्दीची. १२ मैलांची रेषा पाण्यावर आखलेली नसते. गस्ती नौका दिसताच दिवे विझवून नौका बाहेर सरकू शकते. दुसरी अडचण साधनांची. लांबच्या किनाऱ्यावर गस्ती नौका मोजक्याच आणि समोरच्या नौका अनेकदा अधिक वेगवान. ड्रोनने नजर ठेवता येते, नौका पकडून बंदरात आणता येत नाही. तिसरी अडचण परराज्यांची. कर्नाटक, गोव्याच्या नौका मासळी आपापल्या बंदरांत उतरवतात, त्यामुळे नंतर कारवाई करणे कठीण जाते.

म्हणूनच समुद्रात पाठलाग करण्याआधी बंदरातच तपासणी करा, अशी मागणी होत आहे. मोठा जनरेटर आणि दिव्यांचे संच लपवणे सोपे नसते. मासेमारीला निघण्यापूर्वीच ते उतरवले तर रात्रीच्या गस्तीचे निम्मे काम वाचेल, असे या मागणीमागचे गणित आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे काय?

पर्ससीनधारकांच्या मते चार महिन्यांच्या हंगामात नौकेचे कर्ज, खलाशांचा पगार आणि इंधन यांचा मेळ बसत नाही. आपण थांबलो तरी शेजारच्या राज्यांच्या नौका तीच मासळी नेतात, असा त्यांचा सवाल असतो. मासळी घटण्याला दिवे हे एकमेव कारण नाही, हेही खरे. तारलीचे प्रमाण समुद्राच्या तापमानानुसार कमी-जास्त होते. ट्रॉलरची जाळी आणि लहान पिल्लांची पकड हीही कारणे आहेत. त्यासाठी राज्याने २०२३ मध्ये पन्नासहून अधिक प्रजातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले आहे. मात्र दिव्याला लहान-मोठा मासा कळत नाही. जाळ्यात पिल्लेही येतात आणि पुढच्या हंगामाची मासळी आधीच संपते. हा मुद्दा पर्ससीनधारकांच्या युक्तिवादाने खोडला जात नाही.

राजकारणात हा प्रश्न का तापतो?

मालवणच्या किनाऱ्यावर मच्छीमारांची वस्ती दाट आहे आणि निवडणुकीत येथील मत निर्णायक ठरू शकते. त्यामुळे प्रत्येक पक्ष पारंपरिक मच्छीमारांच्या बाजूने बोलतो. दुसरीकडे मोठ्या नौकांमध्ये गुंतलेला पैसा आणि त्यांवरचा रोजगारही जिल्ह्याबाहेरच्याच लोकांचा आहे असे नाही. काही घरांत एक भाऊ रापणीवर आणि दुसरा मोठ्या नौकेवर, अशीही स्थिती असते. आंदोलन झाले की काही दिवस कारवाई होते, मग ती ओसरते, ही मच्छीमारांची जुनी तक्रार आहे.

पर्यटन हा पर्याय आहे का?

तारकर्ली, देवबागमध्ये घरगुती निवास, स्कुबा आणि नौकाविहारावर अनेक कुटुंबे सावरली. पण पावसाळ्यात समुद्र बंद, आणि किनाऱ्यालगत जागा किंवा भांडवल नसलेल्या घरांना त्यात शिरकाव कठीण. शिवाय येथे येणारा पर्यटक ताटात ताजी सुरमई आणि बांगडा मागतो. मासळीच बाहेरून आणावी लागली तर पर्यटनाचे आकर्षणही उणे होते.

पुढे काय?

राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्यामुळे कर्ज, वीजदर आणि विमा यांत शेतकऱ्यांप्रमाणे सवलतींचा मार्ग खुला झाला. मात्र स्वस्त कर्जाने होडी घेता येते, समुद्रात मासा आणता येत नाही. बंदरातील तपासणी, शेजारच्या राज्यांशी समन्वय आणि पकडलेल्या नौकांच्या प्रकरणांचा वेळेत निकाल, या तीन गोष्टी झाल्या तरच कागदावरची बंदी समुद्रात दिसेल. तोवर रापणीचा दोर ओढणाऱ्याच्या वाट्याला किती मासळी येणार, हे दूरवरच्या दिव्यांवरच ठरत राहील.