बाजार चालवायला अक्कल किती लागते?

संगणकात शे-दोनशे छोटे प्रोग्रॅम सोडायचे, काहींना पैसे द्यायचे, काहींना माल, वागण्याचे दोन-चार नियम ठरवून द्यायचे आणि मग आपण हात न लावता त्यांना आपापसांत सौदे करू द्यायचे. या प्रोग्रॅमना ‘एजंट’ म्हणतात. अर्थशास्त्रात असे कृत्रिम बाजार रुळून तीसेक वर्षं झाली, पण त्यांच्याविषयीचे गैरसमज टिकून आहेत.

गैरसमज : बाजार नीट चालायचा तर एजंट हुशार हवेत.

१९९३ साली धनंजय गोडे आणि श्याम सुंदर यांनी मुद्दाम निर्बुद्ध व्यापारी बनवले. ना स्मरणशक्ती, ना नफ्याची हाव. मनाला येईल तो आकडा बोलायचा. अट एकच : तोट्यात जायचं नाही. म्हणजे माल ज्याला शंभराच्या मोलाचा, त्याने शंभराच्या वर बोली लावायची नाही; विकणाऱ्याने आपल्या खर्चाच्या खाली उतरायचं नाही. बाजार दुहेरी लिलावाचा. रुमालाखाली बोटं दाबून नव्हे, तर दोन्ही बाजूंच्या बोली सगळ्यांसमोर. अशा बाजारातून जेवढा फायदा निघणं शक्य होतं, त्यातला सरासरी ९८ टक्क्यांहून अधिक या ठोंब्यांनी पदरात पाडला. खऱ्या विद्यार्थ्यांना व्यापारी म्हणून बसवलं, तर तेही साधारण तिथंच पोचले. तोट्याची अट काढल्यावर मात्र घसरगुंडी झाली. शहाणपणाचं बरंचसं श्रेय, म्हणजे, लिलावाच्या नियमांना जातं.

यावरून काहींनी ‘अक्कल लागतच नाही’ असं दुसरं टोक गाठलं. १९९७ मध्ये डेव्ह क्लिफ यांनी दाखवलं, की मागणी आणि पुरवठ्याच्या रेषा एका विशिष्ट घडणीच्या असल्या, की निर्बुद्ध व्यापाऱ्यांचा भाव समतोलापासून भलतीकडेच जातो. मग त्यांनी किंचित शिकणारे एजंट बनवले. २००१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगात अशा एजंटांनी माणसांनाही मागे टाकलं.

गैरसमज : ही भविष्य सांगणारी यंत्रं आहेत.

उद्याचा सेन्सेक्स यातून कळत नाही, आणि कळतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. हे बाजार ‘नियम बदलला तर काय बिघडू शकेल’ हे पाहायला उपयोगी. नॅसडॅक हा अमेरिकी शेअर बाजार डॉलरच्या अपूर्णांकांतले भाव सोडून सेंटांकडे वळण्याआधी बायोसग्रुप या कंपनीने त्याचं प्रतिरूप तयार केलं. भावाची पायरी फार बारीक केली, तर खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक उलट वाढूही शकतो, असा इशारा त्यातून मिळाला. २००१ मध्ये बदल झाल्यावर तो फरक कमीच झाला. मात्र प्रत्येक भावाला उपलब्ध असलेले शेअरही घटले. काय बिघडू शकेल हे आधी सुचवणं, इशाऱ्याचं मोल इतकंच, आणि ते कमी नाही.

गैरसमज : प्रोग्रॅम सांगितलं तेवढंच करतो.

मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रयोग इटलीतल्या अर्थशास्त्रज्ञांचा, २०२० साली प्रसिद्ध झालेला. किंमत ठरवणाऱ्या एजंटांना फक्त स्वतःचा नफा वाढवायला सांगितलं होतं. एकमेकांशी बोलायची सोयच नव्हती. तरी ते स्पर्धेतल्या भावाहून चढे भाव ठेवायला शिकले. एकाने भाव पाडला, की दुसराही पाडून त्याला अद्दल घडवी. मग दोघंही हळूहळू जुन्या चढ्या भावाकडे परतत. संगनमताविरुद्धचा कायदा करार शोधतो, निदान संभाषणाचा माग तरी. इथे सापडण्यासारखं काहीच नव्हतं.