दहा केजी की दहा बार?

आपल्याकडच्या छोट्या औद्योगिक बॉयलरच्या नामपट्टीवर कामाचा दाब म्हणून एक अडनिडा आकडा नेहमी भेटतो: १०.५४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. सरळ दहा नाही, साडेदहाही नाही. त्याला १४.२२ ने गुणले की उलगडा होतो. उत्तर जवळजवळ १५० येते, म्हणजे मूळ हिशोब १५० पीएसआयचा. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण जुना पौंड-इंच त्या दशांशात अजून टिकून आहे.

या आकड्यात आणखी एक शहाणपण आहे. १५० पीएसआयचे रूपांतर काटेकोरपणे केले तर १०.५४६ येते. शाळेतल्या नियमाने त्याचे १०.५५ व्हायला हवे. पण १०.५५ म्हणजे १५०.०६ पीएसआय, मर्यादेच्या किंचित वर. १०.५४ मात्र मर्यादेच्या आत राहतो. फरक क्षुल्लक आहे, पण शिस्त मोठी आहे. मर्यादेचा आकडा बदलताना जवळची नव्हे, सुरक्षित बाजू धरायची.

अशा बॉयलरचे गेज ठरल्या मुदतीने कॅलिब्रेशनच्या टेबलावर येते. डायलवर दोन पट्ट्या असतात, एक ० ते २१ केजी आणि दुसरी ० ते ३०० पीएसआय. कारखान्यात किलो प्रति चौरस सेंटिमीटर असे लांबलचक कोणी म्हणत नाही, सगळे ‘केजी’च म्हणतात. कामाच्या दाबावर लाल रेघ मारलेली असते. आत एक वाकवलेली चपटी नळी असते. दाब आला की ती जत्रेतल्या कागदी पिपाणीसारखी उलगडू पाहते, आणि ती बारीक हालचाल दांडी-दातऱ्यांमार्फत काट्यापर्यंत पोचते.

हे गेज डेड वेट टेस्टरला जोडायचे. एका उभ्या पिस्टनवर मोजून बनवलेल्या चकत्या ठेवायच्या, हँडल फिरवून तेलाचा दाब वाढवायचा. पिस्टन तरंगू लागला की चकत्या हाताने हलक्या फिरवायच्या, म्हणजे घर्षण मध्ये येत नाही. मग गेजवर बोटाने हलकी टिचकी मारून वाचन घ्यायचे. आधी चढत्या क्रमाने, मग उतरत्या. चकतीचे वजन भागिले पिस्टनचे क्षेत्रफळ, एवढाच इथे पाया. वजन मात्र गुरुत्वावर ठरते. प्रमाण मूल्य ९.८०६६५ धरतात, पुण्यात ते सुमारे ९.७८ भरते. म्हणजे जवळपास पाव टक्का दाब कमी पडतो. चकत्या कोणत्या गुरुत्वासाठी बनवल्या आहेत, हे टेस्टरच्या प्रमाणपत्रात पाहूनच काम सुरू करायचे.

खरी कसोटी लागते ती चकत्यांवर बार कोरलेले असले आणि गेज केजीचे असले तर. १ बार म्हणजे १.०१९७ केजी. दोन टक्क्यांचा हा फरक फार फसवा आहे. एक टक्का वर्गाच्या गेजला पूर्ण पट्टीच्या एक टक्का, म्हणजे इथे ०.२१ केजी इतकी सूट असते. चार बारला काटा ४.०८ दाखवतो, आठला ८.१६. दोन्ही सुटीत बसतात. बाराला १२.२४ येतो, वीसला २०.३९. नवा मुलगा म्हणतो, “साहेब, गेज वरच्या बाजूला जास्त दाखवतंय.” अशा वेळी स्क्रूड्रायव्हरला हात लावण्याआधी चुकांचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचायचा. चूक सगळीकडे सारखीच असेल तर बहुधा काटा सरकला आहे. ती दाबाबरोबर वाढत असेल तर आतली दांडी बिघडलेली असू शकते. पण प्रत्येक ओळीत ती बरोबर दोन टक्केच असेल, तर आधी एकक तपासायचे.

कारण न तपासता दांडी जुळवली, तर चांगले गेज आपल्याच हाताने बिघडते. मग बॉयलर अटेंडंटला काटा लाल रेघेवर दिसतो, तेव्हा आत १०.५४ केजी नव्हे, १०.५४ बार दाब असतो. म्हणजे १०.७५ केजी, जवळपास १५३ पीएसआय. वाफेपाशी उभा राहणारा तो माणूस प्रमाणपत्र वाचत नाही, त्याचा विश्वास काट्यावर असतो.

म्हणून नोंदवहीत प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकक हवे, मूळ आकडा आणि बदललेला आकडा शेजारीशेजारी हवेत. कॅल्क्युलेटर दहा दशांश दाखवतो, पण ज्या गेजला ०.२१ ची सूट आहे त्याच्या वाचनात दोन दशांश पुरतात. गुणाकार कोणालाही जमतो. कोणता आकडा कुठून आला आणि किती भरवशाचा आहे, हे तपासूनच प्रमाणपत्रावर सही करायची.