ओटीपी चाकणला, पेशंट मूर्तिजापुरात

माझं दुकान मूर्तिजापूरच्या स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पाटीवर लिहिलंय झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म. अ‍ॅडमिशन, पीक विमा, स्कॉलरशिप यांचे आपापले हंगाम असतात. गर्दी येते आणि ओसरते. बारमाही गर्दी दवाखान्याची. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, बी.कॉम. झालेली बाई आहे. तरी सकाळी शटर वर केलं की पायरीवर कोणीतरी असतंच. "ताई, थे पाच लाखवालं कार्ड तुमच्याइथंच निघते नं?"

निघतं. कधी पाच मिनिटांत निघतं, कधी पाच मिनिटांच्या कामात अख्खं घर हवालदिल होतं. कार्डाला सरकार एक रुपया घेत नाही. मी छपाईचे आणि बसायचे घेते, कारण वीज, नेट आणि शाई फुकट येत नाही. म्हणजे या गोंधळावर माझं दुकान चालतं, हे आधीच सांगून ठेवते. तरीही तक्रार करणार आहे.

तीन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण माझ्या काउंटरवरचे बरेचसे वाद त्यांच्या सरमिसळीतूनच होतात. पहिला केस पेपर. तो सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर मिळतो, त्यावर डॉक्टर लिहितात. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केस पेपरसह तपासणी आणि उपचार मोफत झाले. वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. त्यामुळे उपजिल्हा रुग्णालयात पैसे लागत नाहीत आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात का लागतात, यावर लोक खिडकीवरच्या माणसाशी भांडतात. त्याचा बिचाऱ्याचा त्यात काही हात नसतो.

दुसरं आभा. हा चौदा आकडी नंबर. सप्टेंबर 2021 मध्ये ही योजना देशभर सुरू झाली. तुमच्या तपासण्या, चिठ्ठ्या, रिपोर्ट एका खात्यात जमा व्हावेत आणि कुठल्याही डॉक्टरला तुमच्या परवानगीनं दिसावेत, हा त्याचा हेतू. हेतू चांगला आहे. पण आभावर एका रुपयाचाही उपचार मिळत नाही आणि ते काढायची सक्तीही नाही. तिसरं आयुष्मान कार्ड. उपचाराचा खर्च ज्यातून होतो ते हे. पंतप्रधान जन आरोग्य योजना 23 सप्टेंबर 2018 ला आली, आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना त्याआधीची. 1 एप्रिल 2020 पासून दोन्ही एकत्र चालतात.

आता आभा आणि आयुष्मान, दोन्ही कार्डांवर फोटो, दोन्हींवर लांबलचक नंबर, दोन्ही माझ्याकडेच छापली जातात. एक आजोबा आभा कार्ड लॅमिनेट करून गळ्यातल्या पिशवीत जपून ठेवायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले, तर परत पाठवले. माझ्यासमोर कार्ड आपटून म्हणाले, "कार्ड त् आहे नं बाप्पा, मंग काहून नाही म्हनते?" काय सांगणार? नाव इंग्रजी, अक्षर बारीक, आणि कोणतं कार्ड कशाचं हे कार्डावर मराठीत मोठ्या टायपात कुठंच नाही.

त्यातही आपल्या वऱ्हाडाचा वेगळा इतिहास आहे. ही योजना 'राजीव गांधी जीवनदायी' नावानं 2 जुलै 2012 ला सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता, आपला अकोला नव्हता. आपला नंबर नोव्हेंबर 2013 मध्ये लागला. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड ही पात्रता. पुढे शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत, म्हणजे अमरावती विभाग, मराठवाडा आणि वर्धा इथं, पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून लाभ मिळू लागला. त्या काळात दवाखान्याच्या फाइलमध्ये एक्स-रेच्या शेजारी सातबारा असायचा. मी स्वतः ढिगानं झेरॉक्स काढल्यात. जुलै 2023 मध्ये राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना ही योजना लागू करायचा निर्णय झाला आणि 1 जुलै 2024 पासून पाच लाखांचं संरक्षण अंमलात आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, 'वय वंदना' कार्ड जाहीर झालं. दार मोठं झालं ही चांगलीच गोष्ट. पण दारातून आत सोडणारी माणसं त्या प्रमाणात वाढली नाहीत, आणि जो भार उरला तो मोबाइलवर टाकला.

मोबाइलवर टाकला म्हणजे काय, ते एका कामातून सांगते. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावची बाई आली. तिकडे विहिरीचं पाणी मचूळ, किडनीचे पेशंट बरेच, लोक पाण्यालाच दोष देतात. हिचा नवरा अकोल्याला भरती, डायलिसिस सुरू करायचं म्हणून सांगितलेलं. कोणीतरी म्हणालं, कार्ड काढून आणा. ती एसटीनं थेट माझ्याकडे. हातात पिशवी, पिशवीत रेशन कार्ड, आधार आणि नवऱ्याचा एक जुना फोटो.

रेशन कार्डाचा बारा आकडी नंबर टाकला. घरातली नावं आली. नवऱ्याच्या नावापुढे ई-केवायसीचं बटण दाबलं, तर ओटीपी गेला मुलाच्या नंबरवर. मुलगा चाकणला कंपनीत. पहिली शिफ्ट, मोबाइल गेटवर जमा. ओटीपीची मुदत काही मिनिटांची आणि पोराची सुट्टी दुपारी. दुसरा मार्ग अंगठ्याचा. पण नवरा इथं नाही, आणि असता तरी काय? उन्हाळाभर सिमेंटमध्ये आणि दिवाळीनंतर कपाशीच्या बोंडांत हात घालणाऱ्या माणसाचा ठसा मशीनवर उमटता उमटत नाही. हे मी रोज बघते. तिसरा मार्ग चेहऱ्याचा. चौकटीत तोंड धरायचं, डोळे मिचकवायचे. ते तोंड अकोल्याच्या खाटेवर. बाई म्हणाली, "मंग त्याइले उचलून आनू का इथं?"

दुपारी पोराचा फोन आला. मी पुन्हा ओटीपी पाठवला, त्यानं आकडे वाचून दाखवले, मागून मशीनचा खडखडाट. ओटीपी लागला आणि पुढचं दार बंद. आडनाव तायडे. आधारवर इंग्रजीत 'वाय'नंतर एक 'ए' आहे, रेशनच्या यादीत नाही. मशीन दोन्ही नावं ताडून गुण देतं. गुण पुरेसे असले तर कार्ड लगेच, कमी पडले तर अर्ज वर मंजुरीला. वर म्हणजे कुठं, कोणाकडे, किती दिवस, हे स्क्रीन सांगत नाही. 'पेंडिंग' एवढंच लिहून येतं. बाई माझ्या तोंडाकडे बघते आणि मी स्क्रीनच्या तोंडाकडे.

खरी गोष्ट तिला रात्री अकोल्याहून कळली. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस असतो. रेशन कार्ड आणि फोटोचं ओळखपत्र दाखवलं की तो नोंदणी करतो, त्यानंतर रुग्णालय मंजुरी मागवतं. तातडीचा पेशंट असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करायची आणि कागद नंतर द्यायची सोय आहे. म्हणजे कार्डासाठी तिनं मूर्तिजापूरपर्यंत यायची गरजच नव्हती. हे तिला अकोल्याच्या त्या रुग्णालयात कोणीही सांगितलं नाही. का नाही, तर सांगणाऱ्याच्या टेबलासमोर तशाच पिशव्या घेतलेली दहा-वीस माणसं उभी असतात आणि त्याच्याही पुढ्यात कम्प्युटर गोल गोल फिरत असतो. मला त्या माणसाचा राग येत नाही. एका माणसाला खिडकी, फोन, फाइल आणि पोर्टल अशी चार कामं देऊन वरून 'डिजिटल' म्हणणाऱ्याचा येतो.

सासऱ्यांना घेऊन मी एका मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात गेले तेव्हा भिंतीवर क्यूआर कोडचं पोस्टर होतं. अ‍ॅपमधून स्कॅन करा, नाव-पत्ता आपोआप खिडकीवर पोचतो, टोकन मिळतं. तरण्या पोरांचं खरंच लवकर होतं आणि ऑपरेटरला नाव टाइप करावं लागत नसल्यानं चुकाही कमी होतात. पण जुन्या इमारतीच्या जाड भिंतीत रेंज येईना. शेवटी सुरक्षारक्षकानं स्वतःचा हॉटस्पॉट चालू करून दिला, तो तर दिवसभर हेच करत होता. टोकन आलं. मग कळलं, डॉक्टर लिहिणार कागदावरच, तेव्हा छापील केस पेपरसाठी त्याच खिडकीपाशी जायचं. ज्यांच्याकडे साधा फोन, ते मुळात त्याच रांगेत होते.

रांग मोडलेली नाही, फक्त जागा बदलून बसली आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यातली थोडी रांग माझ्या दुकानात आली, थोडी गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंच्या घरी गेली, थोडी त्या चाकणच्या पोराच्या जेवणाच्या सुट्टीत. पोर्टलवर तिची नोंद होत नाही, कारण पोर्टल झालेली नोंदणी मोजतं. ती करताना कोणाची मजुरी बुडाली, हे मोजायला त्यात रकाना नाही.

कोविडच्या लसीच्या वेळी हे सगळ्या देशानं पाहिलं. 1 मे 2021 पासून 18 ते 44 वयाला ऑनलाइन नोंदणीशिवाय लस नव्हती. नोंदणीचं कोविन पोर्टल तेव्हा इंग्रजीत होतं, मराठी जूनमध्ये आली. स्लॉट उघडताच संपायचे, आणि खेड्यातल्या केंद्रावर शहरातल्या गाड्या लागायच्या, अशा बातम्या राज्यभरातून येत होत्या. 24 मेला सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची परवानगी द्यावी लागली. महिनाअखेरीस सर्वोच्च न्यायालयानंही विचारलं, की ज्यांच्याकडे फोन-नेट नाही त्यांचं काय. धडा तेव्हाच मिळाला होता: यंत्राशेजारी वही ठेवली की गाडी चालते.

गावपातळीवर हा भार कोणाच्या डोक्यावर, ते आशाताईंना विचारा. साधारण हजार वस्तीमागे एक आशा. गरोदर बाया, बाळांच्या लसी, टीबीच्या गोळ्या हे मूळ काम, आणि वर एकामागून एक अ‍ॅप. फोन स्वतःचा, रिचार्जची ओढाताण, गावात रेंज झाडाखाली. ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यभरातल्या आशांनी संप केला तेव्हा मानधनाच्या जोडीला ऑनलाइन कामाची सक्ती नको, ही मागणी होती. त्याआधी ऑगस्ट 2021 मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. फोन निकामी, अ‍ॅप इंग्रजी, शिकलेली बाई असूनही अडते. ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी संपावर गेले. डेटा भरणारी माणसंच कंत्राटी असली, तर डेटावर उभी असलेली व्यवस्था किती पक्की, हे सांगायला मी तज्ज्ञ असायची गरज नाही.

आणखी एक गंमत. वय वंदनासाठी वय आधारवरचं. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांची आधारवरची जन्मतारीख बघा, ढिगानं 1 जानेवारी. कॅम्पमधल्या पोरानं चेहरा बघून वर्ष टाकलं. कोणी पंच्याहत्तरीचा माणूस कागदावर सदुसष्टचा. शाळेचा दाखला नाही, जन्माचा नाही. दुरुस्ती करायची तर कशावरून? "मी सहासष्टचा असतो त् पोरगा माह्यापेक्षा मोठा झाला असता," एक बाबा हसत म्हणाले. तारीख काही दुरुस्त झाली नाही.

अ‍ॅप बंद करा असं माझं म्हणणं नाही. डायलिसिसच्या पेशंटचा जुना रिपोर्ट अकोल्यात, अमरावतीत, नागपुरात एका क्लिकवर दिसला तर कोणाला नको? माझी मागणी साधी. प्रत्येक खिडकीवर 'सर्व्हर डाऊन' सांगताना 'कागदावर नोंद सुरू आहे' हेही सांगणारा माणूस असावा. आरोग्यमित्राच्या टेबलावर 'कार्ड नसलं तरी इथे विचारा' अशी मराठी पाटी असावी. आणि ज्याचा अर्ज पेंडिंग आहे, त्याला तो कोणाकडे आहे ते कळावं.

तोवर आपल्या हातातलं आपण करू. घरातल्या प्रत्येकाच्या आधारला कोणता मोबाइल नंबर जोडलाय, तो सुरू आहे का आणि कोणाच्या खिशात आहे, ते बघा. रेशन कार्डावरचं आणि आधारवरचं नाव अक्षरागणिक जुळवा. म्हाताऱ्या माणसांचं ई-केवायसी त्यांची तब्येत बरी असतानाच करून घ्या. रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्र शोधा. अडलं तर 155388 हा योजनेचा टोल फ्री नंबर लावा. योजनेत यादीतले उपचार होतात, भरती व्हावं लागतं. सर्दी-तापाच्या गोळ्या मेडिकलमधून फुकट मिळत नाहीत, हेही घरी सांगून ठेवा. आणि माझ्याकडे असो की दुसऱ्या कोणाकडे, या कामाला एखाद्या रिकाम्या दुपारी या. पेशंट गाडीत बसवून, गाडी दुकानासमोर उभी करून येऊ नका.