स्टॅटिन औषधे
रक्तातील कोलेस्टेरॉलाचे प्रमाण कमी करणारा औषधांचा एक गट. आकिरा एंडो या जपानी जीवरसायनशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात एका बुरशीपासून या गटातील पहिले संयुग मिळविले. हल्ली ॲटॉर्व्हास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन ही विशेष प्रचारात आहेत. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्यास आवश्यक असलेल्या एका विकराचे कार्य ती रोखतात. हा परिणाम औषध चालू असेपर्यंतच टिकतो. तपासणीतील आकडा उतरला म्हणजे रोग बरा झाला, असे समजून गोळी बंद केल्यास काही आठवड्यांत तो पुन्हा चढतो. वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत-खुपत नसल्याने ही चूक सहज घडते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यास ती घातक ठरू शकते. वर्ध्याकडे जेवणात असणारी जवसाची चटणी पौष्टिक खरी, परंतु गोळीची जागा ती घेऊ शकत नाही.

गजकर्णावर दिले जाणारे इट्राकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसीन हे प्रतिजैविक यांमुळे काही स्टॅटिनांचे रक्तातील प्रमाण बरेच वाढते. क्वचित त्यातून स्नायूंचा नाश होऊन मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून त्वचेच्या तक्रारीसाठी गेले असतानाही चालू गोळीचे नाव डॉक्टरांस सांगणे अगत्याचे असते. किरकोळ अंगदुखी पुष्कळदा औषधामुळे नसते. तीव्र स्नायुवेदना, अशक्तता व गडद तपकिरी लघवी ही लक्षणे दिसल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गर्भधारणेचा विचार असल्यास तसे आधीच सांगावे. गरोदरपणी ही औषधे सामान्यतः थांबवितात.