वाळूच्या कणालाही दोन ध्रुव

पैनगंगेच्या पात्रातली मूठभर कोरडी वाळू कागदावर पसरा आणि बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक तिच्यावरून फिरवा. वाळूतले बारीक काळे कण टुणकन उडून चुंबकाला बिलगतात, त्यांचे तुरे उभे राहतात. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक तुरा म्हणजे कणाला कण चिकटून झालेली साखळी असते. टोकाचा कण चुंबकाला शिवलेलाही नसतो, त्याला शेजारच्या कणाने धरलेलं असतं. चुंबक ओढून काढलं की बहुतेक साखळ्या मोडतात.

हे कण मुख्यतः मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या एका ऑक्साइडचे. हिमायतनगर भागातला काळा पाषाण, बेसॉल्ट, झिजून ते नदीत येतात. चुंबक जवळ असेपर्यंत तेही चुंबक होतात. शाळेच्या पुस्तकात याला प्रवर्तित चुंबकत्व म्हणतात.

चुंबकातून कणात काही ओतलं जात नाही. लोखंडात किंवा मॅग्नेटाइटमध्ये चुंबकत्व आधीपासूनच असतं, पण सूक्ष्म भागांत वाटलेलं. या भागांना डोमेन म्हणतात. ही कल्पना 1907 मध्ये पिएर वाइस या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने मांडली. एका डोमेनमधलं सगळं चुंबकत्व एकाच दिशेला तोंड करून असतं, पण शेजारच्या डोमेनची दिशा वेगळी. एकूण बेरीज जवळपास शून्य. बाहेरचं चुंबक आलं की त्याच्या दिशेशी जुळणारे डोमेन वाढतात, बाकीचे आक्रसतात किंवा वळतात.

मग ध्रुव टोकांनाच का? कवायतीत मुलं हातात हात घालून रांगेत उभी राहतात. मधल्या प्रत्येकाचे दोन्ही हात गुंतलेले. मोकळे राहतात ते फक्त रांगेच्या दोन टोकांचे. तसंच इथे आतल्या प्रत्येक उत्तर ध्रुवाला लागून पुढचा दक्षिण ध्रुव असतो, दोघांचा परिणाम एकमेकांत जिरतो आणि फक्त कडेचे ध्रुव उरतात. म्हणून चुंबकाचे तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्याला दोन ध्रुव मिळतात.

चुंबकाचा उत्तर ध्रुव समोर असेल तर लोखंडाच्या जवळच्या टोकाला नेहमी दक्षिण ध्रुवच तयार होतो. त्यामुळे साधं लोखंड कायम ओढलंच जातं, ढकललं कधीच जात नाही. पिठाच्या गिरणीत धान्याच्या वाटेवर ठेवलेलं चुंबक कुठल्याही खिळ्याला पकडतं ते यामुळेच. वस्तू स्वतः चुंबक आहे की नाही, याची खरी कसोटी आकर्षण नसून प्रतिकर्षण आहे.

लोखंडाला चुंबक करण्याचं हे काम खुद्द पृथ्वीही अहोरात्र करते. आपल्याकडे तिचं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे आणि त्याच वेळी साधारण 25 ते 30 अंश खाली झुकलेलं असतं. बांधकामाची एक सळई उभी धरा, हातोडीने चार ठोके द्या आणि तिच्याजवळ होकायंत्र न्या. सळईच्या वरच्या टोकाकडे सुईचं उत्तर टोक ओढलं जातं, खालच्या टोकाकडे दक्षिण. सळई उलटी करून पुन्हा ठोकली की ध्रुव सहसा अदलाबदल करतात. ठोक्यांनी अडकलेल्या डोमेनना हलायला वाव मिळतो. लोखंड ठोकताना त्याला चुंबकत्व येतं, हे विल्यम गिल्बर्टने 1600 सालीच लिहून ठेवलं होतं.

मऊ लोखंड हे सगळं लगेच विसरतं, पोलाद बरंच लक्षात ठेवतं. स्मृतीच्या बाबतीत बेसॉल्ट तर पोलादाच्याही पुढे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरला. तो निवून मॅग्नेटाइट 580 अंश सेल्सिअसच्या खाली आलं, की त्याच्या कणांना तेव्हाच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा मिळाली आणि थंड होता होता ती पक्की झाली. क्षणभराचं प्रवर्तित चुंबकत्व असं कायमचं झालं.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे आणि सी. राधाकृष्णमूर्ती यांनी अर्न्स्ट डॉइच यांच्यासह 1959 मध्ये दख्खनच्या खडकांतल्या या दिशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. असे नमुने मोजल्यावर पुष्कळ थरांतली दिशा उत्तरेऐवजी दक्षिण-आग्नेयेकडे आणि आजच्याहून जास्त खोल झुकलेली निघते. याचा अर्थ दुहेरी: त्या काळात पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते, आणि हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, अंदाजे 25 ते 30 अंशांवर होता. भूखंड सरकतात की नाही यावर जगात वाद रंगला होता तेव्हा आपल्या काळ्या पाषाणाने दिलेली ही साक्ष सरकण्याच्या बाजूने होती.