बोल्टच्या टोकावरचा आकडा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या सैनिकांच्या खांद्यावर असलेली एक रायफल म्हणजे ली-एनफिल्ड नंबर ४. आपल्याकडे तिचं सगळं घराणंच ‘थ्री-नॉट-थ्री’ या एका नावाने ओळखलं जातं. तिचा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, बाहेर काढून टोक निरखलं, तर तिथे आट्यांवर फिरवून बसवलेला पोलादाचा एक छोटा तुकडा दिसतो. हा बोल्ट हेड. त्यावर बारीक आकडा ठोकलेला असतो : ०, १, २ किंवा ३. जुन्या रायफली दुरुस्त करणारी माणसं योग्य आकड्याच्या तुकड्यासाठी दुकानंच्या दुकानं पालथी घालतात, आणि त्यामागचं कारण विलक्षण आहे.

.३०३ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. काडतूस आत सरकलं की ही कडा नळीच्या मागच्या तोंडावर टेकते आणि बोल्ट हेड तिला मागून अडवतो. नळीचं तोंड आणि बोल्ट हेड यांच्यातली फट म्हणजे हेडस्पेस. नंबर ४ मध्ये ती ०.०६४ ते ०.०७४ इंच, म्हणजे साधारण १.६३ ते १.८८ मिलिमीटर असावी लागते. कमी पडली तर बोल्ट मिटत नाही. जास्त झाली तर गोळी सुटताना काडतुसाचं पितळ ताणलं जातं, कधी फाटतं, आणि तापलेला वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. सगळा हिशेब पाव मिलिमीटरचा!

गोळ्या झाडून झाडून पोलाद झिजतं आणि फट वाढते. मग अख्खा बोल्ट फेकून द्यायचा का? तर नाही. आकडा एकाने वाढला की बोल्ट हेड इंचाच्या हजार भागांपैकी सुमारे तीन भागांनी लांब होतो. ही वाढ जेमतेम माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. पलटणीचा आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा कारागीर, जुना तुकडा फिरवून काढायचा, पुढच्या आकड्याचा लावायचा आणि गेज, म्हणजे फट मोजायचं साधन, घालून तपासायचा. कारखान्यात करावी लागली असती अशी दुरुस्ती छावणीतल्या टेबलावर होऊन जायची. आज यातला ३ आकड्याचा तुकडा मिळणं सर्वांत कठीण. शिवाय तयार होतानाच प्रत्येक तुकड्यात किंचित फरक पडलेला असतो, त्यामुळे ठशावर विसंबून चालत नाही. शेवटचा शब्द गेजचाच.

बोल्ट हेड असा बदलता येतो, पण बोल्ट नाही. या रायफलीत कुलपासारखे अडकणारे खिळे बोल्टच्या मागच्या बाजूला आहेत. दोन्ही खिळ्यांवर सारखाच भार यावा म्हणून कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्याच्या एकाच रायफलीत जुळवून बसवत आणि मग रायफलीचा क्रमांक बोल्टच्या मुठीवर ठोकत. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आत सरकेल, मिटेलही, पण भार एकाच खिळ्यावर येऊ शकतो. या घराण्याच्या दीड कोटीहून जास्त रायफली निघाल्या. इतक्या प्रचंड उत्पादनातही काय अदलाबदल करायचं आणि काय कधीच करायचं नाही, हे रचनाकारांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. सुटा भाग शोधणं म्हणजे त्यांचा तो निर्णय वाचणं.

लाकडाचाही असाच निर्णय आहे. आधीच्या पिढीतल्या, पहिल्या महायुद्धातल्या मार्क ३ रायफलीचा दस्ता एका लांब, स्क्रूसारख्या वेगळ्याच बोल्टने धरलेला असतो. त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढताच हा बोल्ट फिरवून दस्ता काढू पाहिला, तर ते चौकोनी टोक फिरतं आणि लाकूड चिरतं. घोड्याच्या कमानीच्या पुढच्या स्क्रूवर धातूची एक छोटी नळकांडी असते. ती हरवली की स्क्रू आवळताना लाकूड चेपतं आणि नेम बिघडतो. महाग नळी विकत घेऊनही रायफल सरळ मारत नाही, तेव्हा दोष कित्येकदा या क्षुल्लक नळकांडीत निघतो. आणि स्क्रू शोधायला हार्डवेअरच्या दुकानात जाऊन उपयोग नाही, कारण एनफिल्डचे आटे तिचे स्वतःचे, बाजारातल्या प्रमाणित मापांपेक्षा वेगळे.

पुढचा प्रश्न, भाग कोणत्या कारखान्याचा. एकच नंबर ४ इंग्लंडमध्ये, कॅनडातल्या लाँग ब्रँचला आणि अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सला सॅव्हेज कंपनीत बनत होती. लहानसहान भागांवरही ठसे आहेत : ‘एम ४७ सी’ म्हणजे बीएसए कंपनीचा इंग्लंडमधला शर्ली कारखाना, ‘एलबी’ म्हणजे लाँग ब्रँच, चौकोनी वळणाचा ‘एस’ म्हणजे सॅव्हेज. काळाचीही खूण सापडते. १९१६ च्या सुमारास उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी मार्क ३ वरचं लांब पल्ल्याच्या सामुदायिक गोळीबाराचं साइट आणि मॅगझीन बंद करणारी पट्टी गाळली गेली, आणि पुढे जुन्या रायफलींवरूनही ते भाग मोठ्या प्रमाणावर काढले गेले. म्हणून ते आज दुर्मीळ आहेत. पण १९१७ च्या रायफलीवर ते हौसेने लावले, तर इतिहास सजण्याऐवजी चुकतो. ऑस्ट्रेलियन अभ्यासक इयन स्केनर्टन यांचा ‘द ली-एनफिल्ड स्टोरी’ हा ग्रंथ संग्राहक हाताशी ठेवतात, तो अशाच बारकाव्यांसाठी.

या कथेत भारताचा वाटा मोठा आहे. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने मार्क ३ बनवली आणि पुढचं लाकूड चिरू नये म्हणून त्यात आडवा स्क्रू घातला. पाश्चात्त्य संग्राहक त्यावरून इशापूरची रायफल ओळखतात. १९६० च्या दशकात तिथेच ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी नवी आवृत्ती निघाली. दिसायला ती तशीच, पण तिचं काडतूस बिनकडेचं आणि मॅगझीन जास्त चौकोनी, म्हणून तिथे जुनं मॅगझीन चालत नाही. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली .३०३ काडतुसं बुडावरच्या ‘के एफ’ या ठशामुळे जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. आपल्याकडे हा बोअर सामान्य नागरिकाला प्रतिबंधित आहे. त्यामुळे ही शोधाशोध मुख्यतः ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले संग्राहक करतात.

मग एकाच रायफलीवर तीन कारखान्यांचे ठसे दिसले, तर ती बिघडलेली समजायची का? आधी ‘एफटीआर’ ही अक्षरं शोधावीत. फॅक्टरीत पूर्ण खोलून नव्याने जुळवलेल्या रायफलीवर ती वर्षासह ठोकत. तिथे वेगळ्या ठशाचा भाग परका नाही, तोच तिचा खरा भाग. तो ‘सुधारायला’ गेलं तर सरकारी कारागिराने केलेलं कामच पुसलं जाईल. म्हणून भाग विकत घेण्याआधी आपली रायफल कोणत्या वर्षीच्या रूपात हवी, हे ठरवावं. ती फक्त काचेच्या कपाटात राहणार असेल, तर ठसा आणि वर्ष जुळलं की पुरे. ती झाडायची असेल, तर ठसे कितीही अस्सल असोत, परवानाधारक गनस्मिथच्या गेजने नाही म्हटलं की तो भाग नाकारायचा.