समुद्रकाठच्या शहरात स्नानगृहाचा आरसा निवडताना

चेन्नई – स्नानगृहाचे नूतनीकरण संपत आले, की सर्वांत शेवटी आरशाचा विचार होतो. फरशा, नळ, गिझर आणि गळतीविरोधी थर यांवर बहुतेक रक्कम खर्च झालेली असते. उरलेल्या पैशांत, दुकानात जो देखणा दिसेल तो आरसा घरी आणला जातो. चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या शहरात या घाईचे परिणाम लवकर दिसू लागतात. काही पावसाळे उलटले, की आरशाच्या खालच्या कडेला तपकिरी-काळे ठिपके उमटतात, हळूहळू वर सरकतात आणि नव्या कोऱ्या फरशांमध्ये तेवढाच भाग जुनाट दिसू लागतो. हे डाग कितीही पुसले तरी जात नाहीत, कारण ते काचेच्या पाठीमागे असतात.

ग्राहक आरसा निवडतो तो दर्शनी बाजू आणि चौकट पाहून. चेन्नईच्या हवेत आरशाचे आयुष्य मात्र त्याची पाठ, त्याच्या कडा आणि तो भिंतीवर कसा बसवला आहे, यांवर ठरते.

आज घरोघरी दिसणारा आरसा म्हणजे सपाट काचेच्या मागील बाजूस चढवलेला चांदीचा अतिशय पातळ थर होय. पूर्वी युरोपात त्यासाठी कथिल आणि पारा यांचे मिश्रण वापरले जाई. व्हर्सायच्या राजवाड्यातील, १६८४ मध्ये पूर्ण झालेल्या प्रसिद्ध दालनातील ३५७ आरसे त्याच पद्धतीने घडवले गेले होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३५ मध्ये रासायनिक द्रावणातून काचेवर चांदी बसवण्याची पद्धत शोधली आणि पाऱ्याची विषारी वाफ हळूहळू या व्यवसायातून हद्दपार झाली. हा चांदीचा थर साधारणपणे ७० नॅनोमीटर जाडीचा असतो. हिशेब केल्यास एका चौरस मीटर आरशासाठी जेमतेम पाऊण ग्रॅम चांदी लागते. एवढ्याशा धातूवर प्रतिबिंबाचा सारा भार असतो.

या थराला समोरून काचेचे संरक्षण मिळते. मागून पारंपरिक पद्धतीत तांब्याचा एक थर आणि त्यावर रंगाचे एक-दोन थर दिलेले असतात. परंतु मोठ्या तावातून हव्या त्या मापाचा आरसा कापला, की चारही कडांना चांदी, तांबे आणि रंग यांचे थर उघडे पडतात. पाणी शिरते ते येथूनच. ओलाव्याबरोबर आलेले मीठ आधी तांब्याला गंजवते, नंतर चांदीवर परिणाम करते. सांडपाण्याच्या नळातून येणारा गंधकयुक्त वायूही चांदीला काळे पाडतो. घरातील चांदीची भांडी ज्या कारणाने काळवंडतात, त्याच कारणाने हे घडते. फरक इतकाच, की भांडे घासता येते आणि आरशाची पाठ घासता येत नाही.

चेन्नईची हवा, चेन्नईचे पाणी

चेन्नईत या सर्व गोष्टी एकत्र येतात. बंगालच्या उपसागरावरून येणारी खारी हवा बेझंट नगर, तिरुवान्मियूर यांसारख्या किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत थेट घरात शिरते. शहरात वार्षिक पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. महाराष्ट्रात दिवाळीनंतर हवा कोरडी होत असते, तेव्हा येथील भिंती ओल धरून असतात. उन्हाळ्यात पाऊस नसला तरी दमटपणा हटत नाही.

पाण्याचा प्रश्न वेगळाच आहे. पूंडी, चोलावरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे शहराचे जलाशय २०१९ च्या उन्हाळ्यात जवळजवळ कोरडे पडले होते आणि असंख्य कुटुंबे टँकर व कूपनलिकांवर विसंबून होती. एरवीही अनेक गृहसंकुलांत पालिकेच्या नळाला कूपनलिकेच्या पाण्याची जोड दिली जाते. किनारपट्टीच्या भागांत हे भूजल खारट अथवा दुष्फेन असते. त्याचे शिंतोडे आरशावर वाळले, की क्षारांचे पांढरे वर्तुळ मागे राहते. ते काढण्यासाठी सौम्य व्हिनेगर उपयोगी पडते, परंतु ते कापडावर घेऊन पुसावे. थेट आरशावर फवारल्यास आम्ल ओघळून खालच्या कडेत शिरते आणि तेथेच सर्वाधिक हानी करते. अमोनियायुक्त द्रवांनाही हेच लागू पडते.

आरशावर धुके साचण्याची तक्रार पुणे किंवा नाशिकच्या थंडीत जितकी होते, तितकी चेन्नईत होत नाही. येथे जानेवारीतील रात्रीचे तापमानही साधारणपणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि काच फारशी गार पडत नाही. त्यामुळे काच तापवून धुके घालवणारे महागडे आरसे येथे बहुतेक घरांत अनावश्यक ठरतात. हवा बाहेर फेकणारा पंखा नीट चालत असला तरी पुरे.

एक बाब मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. अनेक सदनिकांमध्ये स्नानगृहाची एक भिंत वातानुकूलित शयनगृहाशी सामाईक असते. रात्रभर यंत्र चालल्याने ती भिंत गार होते. पहाटे स्नानगृहातील दमट, कोमट हवा तिच्या संपर्कात आली, की भिंतीवर दव जमते. आरसा नेमका त्याच भिंतीवर चिकटवलेला असेल, तर हे दव त्याच्या पाठीमागे साचते आणि तेथे वारा पोहोचत नसल्याने सुकत नाही. शक्य असल्यास अशी भिंत टाळावी. ते शक्य नसल्यास भिंत आणि आरसा यांमध्ये हवा खेळेल इतके अंतर ठेवावे.

आरसा कोणत्या दिशेला असावा, याविषयी वास्तुशास्त्राचे सल्ले मिळतात आणि ते पाळण्याची अनेकांची इच्छाही असते. पाच फूट बाय सात फुटांच्या सदनिकेतील स्नानगृहात हा निर्णय बहुधा नळजोडणी करणाऱ्याने आधीच घेऊन टाकलेला असतो.

बाजारात काय पाहावे

चेन्नईत काच आणि आरशांची जुनी बाजारपेठ पार्क टाऊन भागातील देवराज मुदली रस्त्यावर आहे. येथे नवख्या मराठी माणसाची थोडी फसगत होते. तमिळ भाषेत ‘कण्णाडि’ हा शब्द काच, आरसा आणि चष्मा या तिन्हींसाठी वापरला जातो. केवळ कण्णाडि मागितल्यास कोणती, असा प्रतिप्रश्न येणारच. मराठीतील ‘आरसा’ हा शब्द संस्कृत ‘आदर्श’ या शब्दावरून आला असून त्याचा असा गोंधळ होत नाही.

शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर येथे सेंट-गोबेन या फ्रेंच कंपनीचा सपाट काचेचा कारखाना २००० सालापासून कार्यरत आहे. या कंपनीचा उगम १६६५ मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या आरशांच्या शाही कारखान्यात आहे. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून ती सपाट करण्याची आधुनिक पद्धत आता सर्वत्र रूढ असल्याने, चांगल्या काचेसाठी ग्राहकाला फार धडपड करावी लागत नाही. फरक पडतो तो मागील थरांमध्ये.

यासाठी दुकानदाराला तांबेविरहित आरसा मागावा. या प्रकारात तांब्याचा थर वगळून चांदीला अन्य रासायनिक प्रक्रियेने संरक्षण दिले जाते. गंजणारा पहिला दुवाच नसल्याने दमट हवेत हे आरसे अधिक टिकतात. चांदीऐवजी ॲल्युमिनियमचा थर दिलेले स्वस्त आरसेही मिळतात, मात्र त्यांतील प्रतिबिंब किंचित मंद असते. भारतीय मानक ब्युरोने चांदीच्या थराच्या आरशांसाठी ३४३८ क्रमांकाचे मानक ठरवले आहे. पावतीवर किंवा आरशाच्या पाठीवर त्याचा उल्लेख आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

आरसा उलटा करून पाहणे, ही सर्वांत सोपी परीक्षा आहे. पाठीवरील रंग सलग हवा, ओरखडे नकोत आणि कडांना पोपडे सुटलेले नकोत. त्यानंतर आरशासमोर उभे राहून डोके सावकाश डावी-उजवीकडे हलवावे. दाराची चौकट किंवा मागील कपाटाची सरळ रेघ प्रतिबिंबात वळवळताना दिसली, तर काच पातळ अथवा सदोष समजावी. काचेला नखाचे टोक टेकवल्यास नख आणि त्याचे प्रतिबिंब यांत फट दिसते. पाच मिलिमीटर जाडीच्या काचेत ती सुमारे साडेसहा मिलिमीटर भासते. फट फारच कमी दिसली, तर दुकानदार सांगतो त्यापेक्षा काच पातळ आहे. केरळमधील आरन्मुळा येथील धातूच्या प्रसिद्ध आरशात अशी फट दिसतच नाही, कारण तेथे प्रतिबिंब धातूच्या पृष्ठभागावरच पडते. तो आरसा मात्र पाण्यापासून जपून ठेवण्याची वस्तू आहे.

स्नानगृहासाठी पाच किंवा सहा मिलिमीटर जाडी योग्य मानली जाते. काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीला प्रति चौरस मीटर अडीच किलो असते. म्हणजेच ६० बाय ९० सेंटीमीटरचा, पाच मिलिमीटर जाडीचा आरसा जवळजवळ पावणेसात किलो भरतो. एवढे वजन ओल्या फरशीवर, अनवाणी पायांजवळ पडू शकते, ही जाणीव ठेवूनच तो बसवला पाहिजे. लहान मुले किंवा वृद्ध असलेल्या घरात पाठीवर सुरक्षा-पटल लावलेला आरसा घ्यावा. तो फुटला तरी तुकडे पटलाला चिकटून राहतात.

कडा घासून गुळगुळीत केलेल्या हव्यात आणि त्यांवर संरक्षक लेप हवा. हा लेप कापणी करणाऱ्या कारागिराकडून जागेवरच लावून घेता येतो. आरशात नळ किंवा दिव्यासाठी छिद्र पाडणे शक्यतो टाळावे, कारण प्रत्येक छिद्र म्हणजे आणखी एक उघडी कड होय. एमडीएफच्या चौकटी दुकानात मोहक दिसतात, परंतु दमट हवेत त्या फुगतात. पोलादी पकडी लावायच्या झाल्यास किनाऱ्याजवळ ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील निवडावे. नेहमीच्या ३०४ प्रतीवर खाऱ्या हवेत गंजाचे ठिपके येऊ शकतात.

बसवताना होणारी हानी

उत्तम आरसाही चुकीच्या चिकटद्रव्याने निकामी होतो. बाजारात सहज मिळणारे अनेक सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतात. व्हिनेगरसारखा उग्र वास, हीच त्यांची खूण. हे आम्ल पाठीवरील रंगातून झिरपून चांदीपर्यंत पोहोचते आणि काही महिन्यांत समोरच्या बाजूस नेमके चिकटद्रव्याच्या पट्ट्यांच्या आकाराचे डाग उमटतात. त्याऐवजी ‘न्यूट्रल’ असे लिहिलेले सिलिकॉन वापरावे आणि त्याचे पट्टे उभे ओढावेत, म्हणजे मागे शिरलेले पाणी खाली वाहून जाईल. कारागिराने स्वतःची नळी आणली असली तरी तिच्यावरील मजकूर वाचून घ्यावा.

नूतनीकरणानंतरची घाई येथेही नडते. नवा गिलावा आणि फरशांमागचे सिमेंट दीर्घकाळ ओल बाहेर टाकत राहतात. भिंत पुरती सुकण्यापूर्वी आरसा चिकटवला, तर ती ओल त्याच्या पाठीत मुरते. काही आठवडे थांबून, भिंतीपासून निदान तीन ते पाच मिलिमीटर अंतर ठेवून आरसा बसवणे हिताचे असते. तंजावरच्या मराठा दरबाराच्या आश्रयाने बहरलेली काचेवरील चित्रेही काचेच्या मागील बाजूनेच रंगवलेली असत. ओलसर भिंतीवर टांगल्यास त्यांचेही रंग पाठीकडून सुटू लागतात.

उंचीचे गणित सोपे आहे. आरशात एखादा बिंदू दिसण्यासाठी काचेवर डोळे आणि तो बिंदू यांच्या मध्यावर आरसा असावा लागतो, आणि मागे-पुढे सरकल्याने यात फरक पडत नाही. ज्याचे डोळे जमिनीपासून १६० सेंटीमीटरवर आणि माथा १७१ सेंटीमीटरवर आहे, त्याला सुमारे १६६ सेंटीमीटरपर्यंत आरसा पुरतो. ११० सेंटीमीटरवर डोळे असलेल्या मुलाला हनुवटी दिसण्यासाठी तो साधारण १०४ सेंटीमीटरपासून सुरू व्हावा लागतो. म्हणजे पाऊण मीटरपेक्षा कमी उंचीचा आरसा सबंध कुटुंबाला पुरेसा आहे. बेसिनची कड सहसा ८० ते ८५ सेंटीमीटरवर असते. आरसा तिच्यापासून वीसेक सेंटीमीटर वर राहतो आणि शिंतोड्यांपासून त्याची खालची कडही बऱ्यापैकी वाचते. बेसिनला टेकवून छतापर्यंत नेलेले आरसे सध्या लोकप्रिय आहेत, पण त्यांची खालची कड कायम पाण्यात असते.

दिवे जोडलेला आरसा घ्यायचा असल्यास त्यावर आयपी ४४ किंवा त्याहून वरचे मानांकन असावे. याचा अर्थ कोणत्याही दिशेने उडालेल्या पाण्यापासून त्याला संरक्षण आहे. त्याची जोडणी ३० मिलिॲम्पिअरच्या गळतीरोधक स्विचमधूनच घ्यावी. आतील दिवे बिघडल्यास ते बदलता येतात का, हेही आधी विचारावे. अन्यथा दिव्यापायी संपूर्ण आरसा उतरवावा लागतो. आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर स्वतंत्र दिवे लावणे स्वस्त पडते. डोक्यावरील एकट्या दिव्याने डोळ्यांखाली पडणारी सावलीही त्यामुळे टळते.

जुन्या आरशाची कड काळी पडली असेल, तर तो लगेच टाकून देण्याचे कारण नाही. काच कापणारा कारागीर डागाळलेली पट्टी काढून उरलेला भाग लहान मापात करून देऊ शकतो. मात्र डागाच्या पुढे दोन बोटे चांगला दिसणारा भागही कापून घ्यावा आणि नव्या कडेला तत्काळ लेप लावून घ्यावा.